वाघरीच्या तोंडाशी

दिवाळी सरत आली की नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. माझ्या लहानपणी त्यांतला एखादा वाडा आमच्या बाजरी निघालेल्या वावरात दोन रात्री बसत असे. रानाला लेंडीखत मिळावे म्हणून आजी त्यांना आग्रहाने बोलवायची आणि निघताना धान्य द्यायची. अंधार पडण्याआधी धनगर काठ्या रोवून जाळीची वाघर लावत, मेंढ्या आत घेत आणि एका बाजूला हातभर जागा मोकळी ठेवत. त्या मोकळ्या जागेत घोंगडी टाकून त्यांच्यातला एक जण आडवा होई.

मी आजीला विचारले, "दार का नाही लावत हे?"

"अरे, तोच दार हाय. लांडग्याला आत शिरायचं तर त्याच्या अंगावरून जावं लागंल."

जेवणे झाल्यावर तिने कंदिलाशी बसून योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला. त्यात येशू स्वतःला आधी दार म्हणतो आणि लगेच मेंढपाळ म्हणतो. एकच जण दारही आणि राखणदारही कसा, हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. उत्तर बाहेर घोंगडीवर झोपलेले होते.

पुढे धर्मशास्त्रावरची पुस्तके वाचली, प्रवचने ऐकली. पण बायबलमधल्या रूपकांविषयी मला जे कळले आहे, त्याचे मूळ त्या वावरात आहे. रूपक म्हणजे सत्याला चढवलेला दागिना, आणि तो उतरवला की आत स्वच्छ, कोरडा सिद्धान्त सापडतो, असे आपण धरून चालतो. श्रद्धेच्या रोजच्या जगण्यात असे घडत नाही. सिद्धान्त पाठ असलेला माणूसही संकटात हाक मारतो ती एखाद्या चित्राला धरून. देव म्हणजे काय याची व्याख्या करून कोणी रडत नाही.

मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त पाठ असलेला उतारा बहुधा तेविसावे स्तोत्र. मयतीला ते म्हणतात, आजाऱ्याच्या उशाशी म्हणतात, मुलांना संडे स्कूलमध्ये पहिले तेच शिकवतात. इतके ओळखीचे झाल्यामुळे त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. सुरुवातीला स्तोत्रकर्ता देवाविषयी बोलतो. तो मला हिरव्या कुरणात नेतो, संथ पाण्याजवळ नेतो, असे सगळे ‘तो’ आहे. मग वाट काळोख्या दरीत उतरते आणि नेमक्या त्याच ओळीत ‘तो’चा ‘तू’ होतो. उजेडात देवाविषयी बोलणारा अंधारात देवाशी बोलू लागतो.

वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मी हे स्तोत्र मनात म्हणत होतो. कुरणाच्या ओळी नुसत्या ओठांवरून गेल्या. त्या ‘तू’पाशी आलो तेव्हा मात्र थांबलो, आणि पुढचे म्हणायला बराच वेळ लागला. त्या क्षणी मेंढपाळ ही उपमा राहिली नव्हती. बोलायला कोणीतरी समोर होते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती मंडळीत फारशी सांगितली जात नाही. प्राचीन मध्यपूर्वेत मेंढपाळ ही राजाची पदवी होती. बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या प्रसिद्ध कायद्यांच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळच म्हटले आहे. म्हणून यहेज्केल संदेष्टा चौतिसाव्या अध्यायात इस्राएलाच्या मेंढपाळांवर तुटून पडतो, तेव्हा तो सत्ताधाऱ्यांना जाब विचारत असतो. तुम्ही लोकर पांघरलीत, पुष्ट जनावर कापून खाल्लेत, पण दुबळ्याला बळ दिले नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, चुकलेल्याला शोधले नाही, असा त्या आरोपाचा आशय आहे. शेवटी देव म्हणतो की आता माझ्या कळपाला मीच शोधीन.

आपण मराठी ख्रिस्ती लोक धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतो. हा शब्द त्याच कुरणातून आला आहे. देव मेंढपाळ आहे असे म्हणताना दिलासा मिळतो, तसे एक माप हातात येते. घरात, मंडळीत, गावात ज्याच्या हाती चार माणसे सोपवलेली आहेत, त्याने रात्री वाघरीच्या तोंडाशी कोण झोपले आहे हे स्वतःला विचारायचे असते.

देवाला दिलेले प्रत्येक नाव प्रत्येकाला पेलतेच असे नाही, हे मला संडे स्कूलच्या वर्गात एका मुलीने शिकवले. प्रभूच्या प्रार्थनेला सगळी मुले सुरुवात करत आणि ती सुरुवातीची हाक गिळून पुढचे म्हणे. ती हाक पित्याला होती. तिचा बाप रोज पिऊन येत असे आणि आईवर हात टाकत असे, हे मला नंतर कळले. देव बापासारखा आहे हे तिला आम्ही दर रविवारी सांगत होतो, आणि तिच्यापुरते आम्ही तिला भीती दाखवत होतो.

तेव्हा मी बायबल पुन्हा उघडले, या वेळी तिच्यासाठी. यशयाच्या शेवटच्या चार अध्यायांतच देव बाप आहे, कुंभार आहे, आणि लेकराची समजूत घालणारी आईही आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात, पाजत्या आईला एक वेळ तान्ह्याचा विसर पडेल पण मला पडणार नाही, असे देव बजावतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात तो लेकराला हात धरून चालायला शिकवतो. अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायात तो पिलांवर घिरट्या घालणारा गरुड आहे, आणि थोड्याच ओळींनंतर जन्म देणारा खडक आहे. खडक आणि बाळंतपण एका वाक्यात आणायला कवीला संकोच वाटला नाही.

आणि मग कोंबडी. यरुशलेमकडे पाहून येशू म्हणतो की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे तुम्हाला गोळा करावे असे मला किती वाटले. लूकच्या तेराव्या अध्यायात हे वाक्य येण्याच्या थोडे आधी त्याने हेरोद राजाला कोल्हा म्हटले आहे. लूकने कोल्हा आणि कोंबडी असे शेजारी ठेवले आहेत. ज्याने अंगणात कोंबड्या पाहिल्या आहेत त्याला पुढचे सांगावे लागत नाही. घार आली की कोंबडी एक वेगळाच घोगरा आवाज काढते, पिले धावत येतात, ती पंख पसरून जमिनीला टेकते. तिची नखे-चोच फारशी कामाची नसते, पळता आले असते तरी ती पळत नाही. जे काही व्हायचे ते आधी तिच्या पाठीवर होणार असते. क्रूसाचा अर्थ सांगणारी मोठी पुस्तके आहेत, पण हे चित्र मुलांना समजते.

त्या मुलीला मी हा उतारा वाचून दाखवला. पुढच्या रविवारी प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "देवा, मला आणि आईला पंखाखाली घे." पिता हा शब्द तिच्या तोंडी पुढे कधी आला की नाही, मी विचारले नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला, घर सोडून गेलेल्या मुलाला दुरून पाहून धावत सुटणारा म्हातारा बाप तिला कधी तरी भेटावा, अशी आशा मात्र मी धरून आहे. बाप या शब्दाची झालेली नासाडी दुरुस्त करायला तसाच बाप लागतो. त्याच अध्यायात हरवलेले नाणे दिवा लावून, घर झाडून शोधणारी बाईही देवाचेच चित्र आहे. येशूने दोघांना एका पंगतीत बसवले आहे.

देवाला आई म्हणणे मराठी ख्रिस्ती माणसाला परके वाटायचे कारण नाही. विठ्ठलाला विठाई आणि ज्ञानोबांना माउली म्हणणारी ही भाषा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, आणि त्यांच्या भजनांत ख्रिस्त आई होऊन येतो. ते कोणाचे अनुकरण नव्हते. बायबलमध्ये जे होते, ते ऐकण्याचा कान त्यांना वारकऱ्यांनी दिला होता. करुणेसाठी हिब्रूत ‘रहमीम’ हा शब्द आहे आणि त्याचे नाते ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. शुभवर्तमानांत येशूला लोकांचा कळवळा आला असे जिथे येते, तिथले मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनलेले आहे. मराठीत आपण ‘आतडे पिळवटले’ म्हणतो, ‘आतड्याची माया’ म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ग्रीक आणि आमच्या आजीची बोली इथे एकमेकींना ओळखतात.

भाषांतरात एखादा शब्द निवडला जातो तेव्हा देवाचे चित्र कोणाच्या घरात शिरणार हेही ठरते. पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बायांना कळत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे सोप्या मराठीतल्या बायबलला दिली. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते.

आपल्या बायबलमधला असाच एक शब्द म्हणजे भाकर. येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकरच मागतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात मुलाच्या ज्या शिदोरीतून हजारो लोक जेवले, ती सातूची होती, गरिबाचे अन्न होते. त्याला शोभणारा शब्द आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या भाकरीचाच.

या शब्दाला आमच्या भागात एक जखमही आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात बरीच माणसे ख्रिस्ती झाली, त्यांतली बहुतेक गावकुसाबाहेरची. भाकरीसाठी बाटले, हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही ऐकावा लागला. लहानपणी मला तो लागायचा. आता मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आत्म्याची भूक पवित्र आणि पोटाची हलकी, ही वाटणी बायबल करत नाही. ज्या देवाने स्वतःला भाकर म्हणवून घेतले, त्याच्याकडे उपाशी माणूस भाकरीसाठी गेला यात लाज कुणाला वाटावी? ज्या गावाने त्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्या गावाला.

बायबलमधली सगळीच रूपके उबदार नाहीत. होशेयाच्या ग्रंथात देव पिले हिरावलेल्या अस्वलिणीसारखा झडप घालतो, दुसऱ्या एका जागी तो कापड खाणाऱ्या कसरीसारखा आहे. ईयोबाला तो पाठलाग करणारा सिंह वाटतो. संकलन करणाऱ्यांनी ही चित्रे गाळली नाहीत, आणि मला त्यांचे ऋण वाटते. तरणाताठा मुलगा गेलेल्या घरात जाऊन मेंढपाळाचे चित्र पुढे करणे कधी कधी क्रूर होते. त्या घरातली आई देवावर चिडलेली असते आणि तिला चिडायला शब्द हवे असतात. तेही पवित्र ग्रंथातच मिळतात. तिचा राग प्रार्थनेच्या बाहेर ढकलला गेलेला नाही.

दहा आज्ञांमध्ये देवाची मूर्ती घडवू नका असे सांगणारा ग्रंथ शब्दांतल्या चित्रांनी मात्र असा खच्चून भरलेला आहे, याचे मला पूर्वी कोडे वाटे. आता वाटते की या दोन गोष्टी एकाच हेतूच्या आहेत. दगडाची मूर्ती जागेवर राहते, तशी शब्दाची मूर्तीही जागेवर राहू शकते. देव फक्त राजा आहे असे धरून बसले की भक्त फक्त प्रजा उरतो, आणि मंडळीत हुकूम सोडणारे वाढतात. फक्त माया करणारी आई म्हटले तर यहेज्केलाचा जाब ऐकू येईनासा होतो. म्हणून एक चित्र दुसऱ्याला बसू देत नाही. खडक आहे म्हणावे तोवर वारा होतो, प्रकाश म्हणावे तोवर एलीयाला वादळ, भूकंप आणि अग्नी ओसरल्यावरच्या मंद शांततेत भेटतो. या चित्रांतल्या एखाद्याच चित्राला कवटाळून बाकीची विसरणे, ही माझ्या मते ख्रिस्ती घरांतली सर्वांत सोज्ज्वळ मूर्तिपूजा आहे. आपल्या बऱ्याच उपासनांत प्रभू, राजा आणि पिता एवढ्यावरच प्रार्थना संपतात. कोंबडी, भाकर, घर झाडणारी बाई, दार ही नावे आपण मुलांच्या गोष्टींपुरती ठेवली आहेत. त्यामुळे ज्याला नेमके तेच दार हवे होते, तो बाहेर उभा राहतो.

आजी शिकलेली नव्हती, बायबल वाचण्यापुरती अक्षरे तिने प्रौढपणी गिरवली होती. पण तिची संध्याकाळची प्रार्थना एकाच नावाने सलग दोन दिवस सुरू झालेली मला आठवत नाही. पाऊस लांबला की देव झरा असे, भावकीत वाद पेटला की न्यायाधीश, मी तापाने फणफणलो की वैद्य. ज्या दिवशी जे लागेल त्या नावाने ती दार ठोठावत असे.

वाडा तिसऱ्या दिवशी पहाटे उठून जाई. आम्ही जागे होईपर्यंत वाघर गुंडाळलेली, मेंढ्या रस्त्याला लागलेल्या, आणि वावरात फक्त तुडवलेली माती आणि लेंड्या. पुढच्या पावसाळ्यात बाजरी उगवली की आजी मला बांधावर नेऊन दाखवायची. मेंढ्या बसल्या होत्या तेवढाच तुकडा बाकी रानापेक्षा गर्द हिरवा आणि हातभर उंच असे. कुठे काठ्या रोवल्या होत्या, कुठे तो माणूस झोपला होता, सगळे त्या पिकावरून ओळखू येत असे.