पाहणारा देव आणि आईलेंकरांचें छायाचित्र

शास्त्रभाग : उत्पत्ति १६ : ७-१४ आणि २१ : ९-२१



वर दिलेले दोन शास्त्रभाग आपल्या घरीं शांतपणें वाचून मग हा लेख हातीं घ्यावा, अशी विनंती आहे. ज्या उपदेशकांस रविवारीं मंडळीपुढें हा वाचून दाखवावयाचा असेल, त्यांनीं तर ते अगोदर अवश्य वाचावे. आजचा विषय आहे आई व तान्हें मूल, किंवा बाप व तान्हें मूल, यांच्या मायेच्या क्षणाचें छायाचित्र घेण्याचा. हा विषय उपासनेंत बोलण्याजोगा आहे काय, असें कोणी विचारील. परंतु आज खेड्यापाड्यांतून बहुतेक घरीं मोबाईल आला आहे. मूल जन्मलें कीं पहिल्या घटकेसच त्याचें चित्र निघतें. आपले उपदेशक व सेविका औषधोपचाराच्या किंवा धान्यवाटपाच्या कामीं जातात, तेव्हां गरीब आयांचीं व त्यांच्या लेंकरांचीं छायाचित्रें घेऊन अहवालाबरोबर पाठवितात. ज्या कृत्यांत रोज इतक्या जणांच्या माणुसकीची परीक्षा होते, तें शास्त्राच्या उजेडांत कां पाहूं नये?

हागारेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ती मिसर देशाची, परक्या घरची दासी. भाकर व पाण्याची मसक तिच्या खांद्यावर देऊन तिला मुलासह घालवून दिलें, आणि बैर-शेबाच्या रानांत पाणी संपलें. तिनें मुलाला एका झुडपाखालीं टाकलें व बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन ती बसली, कारण त्याचें मरण तिला पाहवेना. (हिशेब केल्यास इश्माएल त्या वेळीं तान्हा नव्हता, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता, पण तहानेनें पडलेलें मूल आईला सदा तान्हेंच.) येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. ह्या दोन्ही अध्यायांत सारा बोलते, अब्राहामही बोलतो. परंतु हागारेचें नांव त्यांच्या तोंडीं एकदांही येत नाहीं. त्यांच्या बोलण्यांत ती केवळ दासी आहे. तिला नांवानें हाक मारणारा एकच, तो म्हणजे देवाचा दूत. पहिल्या वेळीं त्यानें ती हाक झऱ्यापाशीं मारिली, दुसऱ्या वेळीं आकाशांतून. पहिल्या भेटीनंतर तिनें देवाला जें नांव दिलें, त्याचा अर्थ पाहणारा देव असा आहे.

आणि ह्या पाहणाऱ्या देवानें काय केलें? त्यानें तिचें नांव घेतलें. तुला काय झालें म्हणून विचारलें. मग ऊठ, मुलाला उचल, त्याला आपल्या हातीं धर, अशी तिला आज्ञा झाली. त्यानंतर तिचे डोळे उघडले व तिला विहीर दिसली. कित्येक टीकाकार विहिरीवरच पुष्कळ लिहितात. मला तर विहिरीपूर्वीची ती आज्ञा अधिक महत्त्वाची वाटते. मुलापासून बाणाच्या टप्प्यावर बसलेल्या आईला देवानें आधीं मुलाजवळ नेलें.

आतां दुसऱ्या एका आईकडे वळूं. १९३६ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी होती. जमिनी व कामधंदा गमावलेलीं हजारों कुटुंबें मोटारगाडींत बिऱ्हाड घालून, आपल्याकडील ऊस तोडणाऱ्या टोळ्या हिंडतात त्याप्रमाणें, पिकांमागें हिंडत होतीं. कॅलिफोर्निया प्रांतांत निपोमो गांवाजवळ वाटाणा तोडावयास आलेल्या मजुरांचा तळ पडला होता. थंडीपावसानें पीक नासलें आणि काम बुडालें. सरकारी खात्यासाठीं छायाचित्रें घेणाऱ्या डोरोथिया लँग नांवाच्या बाई त्याच रस्त्यानें घरीं परतत होत्या. तळाची पाटी मागें टाकून त्या वीस मैल पुढें गेल्या, पण मन राहीना म्हणून गाडी वळवून परत आल्या. तेथें कापडाच्या राहुटींत ३२ वर्षांची एक आई आपल्या मुलांस घेऊन बसली होती. बाईंनीं थोडक्या मिनिटांत मोजकींच चित्रें घेतलीं. त्यांतील एक जगभर गेलें. दोन मुलें आईच्या खांद्यांवर मान टेकून तोंड फिरवून उभीं आहेत, मांडीवर तान्हें निजलें आहे, आईचा हात गालाशीं गेला आहे, आणि तिची दृष्टि कोठें तरी दूर लागली आहे.

वर्तमानपत्रांत त्या तळाची हकीकत आली आणि सरकारनें तेथें वीस हजार पौंड अन्न पाठविलें. चित्रांमुळें भुकेल्यांच्या तोंडीं घांस पडला, हें काम लहान नव्हे. परंतु अन्न पोंहोंचलें तेव्हां ती आई लेंकरें घेऊन पुढच्या कामाच्या शोधांत निघून गेली होती. लँग बाईंनीं पुढें स्वतःच लिहिलें कीं, मीं तिचें नांव विचारलें नाहीं, तिची हकीकतही विचारली नाहीं. ४२ वर्षें जगाला तो चेहरा ठाऊक होता, नांव ठाऊक नव्हतें. १९७८ सालीं एका वार्ताहरानें तिला शोधून काढलें. तिचें नांव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, कुळानें ती तेथील मूळच्या चेरोकी लोकांपैकीं. ह्या चित्राचा एक पैसाही मला मिळाला नाहीं, आणि तें घेतलेंच नसतें तर बरें होतें, असें तिनें सांगितलें. अन्नासाठीं तिनें मोटारीचे टायर विकले, असें चित्राबरोबर पसरलें होतें. तिच्या मुलाचें म्हणणें, आमच्याजवळ विकावयास टायर होतेच कोठें? जो विचारीत नाहीं, त्याच्या लेखणींतून अशा गोष्टी उतरतात. लँग बाईंवर दगड उचलण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांचें मन कनवाळू होतें, चित्र सरकारच्या मालकीचें असल्यानें त्यांनींही त्यावर पैसा मिळविला नाहीं. १९८३ सालीं ती आई आजारी पडली, मुलांनीं लोकांपाशीं मदत मागितली, आणि त्या चित्राची आठवण ठेवून लोकांनीं सुमारें ३५,००० डॉलर पाठविले. त्याच वर्षीं ती वारली. विहीर उघडली खरी, पण ४७ वर्षांनीं.

आमच्या देशांतही असें घडलें आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत भुकेल्या आया व त्यांचीं हाडें उरलेलीं लेंकरें यांचीं छायाचित्रें परदेशांतील ख्रिस्ती मंडळ्यांपुढें मांडलीं गेलीं. त्यांवरून धान्य आलें, पैसा आला, अनाथ मुलें जगलीं. आपल्या मंडळ्यांत बसणारे कितीएक त्याच मुलांच्या वंशांतले आहेत. परंतु तीं जुनीं चित्रें उघडून पाहा, आणि किती जणींखालीं नांव आढळतें तें मोजा.

म्हणून उपदेशक व सेविका यांस माझें आग्रहाचें सांगणें आहे. कोणा आईचें तिच्या तान्ह्यासह चित्र घ्यावयाचें झाल्यास अगोदर खालीं बसा. तिचें नांव विचारा, लेंकराचें नांव विचारा. नांव ठेवलें नसेल तर आजी त्याला लाडानें काय म्हणते तें विचारा. हें चित्र कोठें जाणार, कोण पाहणार, तें तिला समजेल अशा बोलींत सांगा. धान्याची पिशवी हातीं देतां देतां परवानगी मागूं नका. पिशवी घेणाऱ्या बाईला नाहीं म्हणवत नाहीं, आणि तिच्या गप्प राहण्यास होकार समजणें हा अन्याय आहे. ती नको म्हणाली, तर मोबाईल खिशांत घाला आणि पिशवी तितक्याच मानानें द्या. ती हो म्हणाली, तर तालुक्याच्या गांवीं एक प्रत कागदावर काढून पुढच्या फेरीस तिला नेऊन द्या. ती तिच्या पत्र्याच्या पेटींत राहील. अहवालाच्या पन्नास प्रती निघाव्या, आणि जिचें चित्र तिच्याजवळ एकही नसावी, ह्याला काय म्हणावें!

नांव न विचारणें ही एक रीत झाली. आईलाच झांकून टाकण्याचीही एक रीत होती. १८३९ सालीं छायाचित्राची कला जगापुढें आली. त्या काळीं चित्र उमटावयास कित्येक सेकंद, आरंभीं तर मिनिटें लागत. तान्हें मूल तितका वेळ स्थिर कोठून राहणार? मग युरोप-अमेरिकेंतील छायाचित्रकार आईला खुर्चीवर बसवीत, तिच्यावर पडदा किंवा चादर टाकीत, आणि तिच्या मांडीवर मुलाला ठेवीत. चित्रांत मूल दिसतें आणि मागें कापडाचा ढीग दिसतो. नीट पाहिलें म्हणजे मुलाच्या कमरेस धरलेला हात ध्यानांत येतो. असलीं पुष्कळ चित्रें अजून जपलेलीं आहेत. तीं पाहून कोणी हंसतात. मला होशेयाचा अकरावा अध्याय आठवतो. तेथें देव आपल्या प्रजेस चालावयास शिकविणाऱ्या बापासारखा दिसतो, आणि आपल्याला कोण सांवरतो आहे हें लेंकराला उमगत नाहीं.

तान्हेपणीं कोणीं उचललें, कोणीं उशाशीं रात्री काढल्या, हें मोठेपणीं कोणालाही आठवत नाहीं. म्हणून आईचा चेहरा ज्यांत आहे असें एखादें चित्र मुलासाठीं ठेवणें मला चांगलें वाटतें. पुढें तें त्याला साक्ष देईल. शमुवेलाची आई हन्ना दर वर्षीं त्याच्यासाठीं लहानसा झगा करून नेई. ते झगे कोणी एकावर एक ठेविले असते, तर मुलाची वाढ डोळ्यांनीं पाहतां आली असती, आणि प्रत्येक टांक्यांत आईचा हात. आमच्या घरीं मात्र केस विसकटले म्हणून, लुगडें जुनें म्हणून, बाळंतिणीला चित्रांतून बाजूस सारतात. पडद्याची गरज संपली तरी पडदा आहेच.

मोबाईलाविषयीं थोडें सांगतों. नवजात मुलाची नजर सुमारें आठ ते बारा इंचांवर, म्हणजे वीत-सव्वा वीत अंतरावर, बरी ठरते. अंगावर पितांना त्याचें तोंड व आईचें तोंड यांत साधारण तेवढेंच अंतर असतें. निर्माणकर्त्यानें मोजून ठेविलेल्या त्या जागेंत यंत्र धरलें, तर लेंकराला चेहऱ्याच्या ठिकाणीं काळी पाटी दिसते. १९७८ सालीं अमेरिकेंतील एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सोबती यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईनें थोडा वेळ तान्ह्यासमोर निर्विकार चेहऱ्यानें बसावयाचें. तान्हें आधीं हंसून तिला बोलावूं पाहतें, पुन्हा पुन्हा यत्न करितें, आणि शेवटीं तोंड फिरवितें. चित्र घेणारी आई निर्दय असते, असें मी म्हणत नाहीं. एक-दोन चित्रें घ्यावीं आणि यंत्र बाजूस ठेवावें. ज्या हंसण्यासाठीं तें उचललें, तें हंसणें तिच्याच तोंडाकडे पाहून आलेलें असतें.

दृष्ट लागेल म्हणून फोटो नको, असें म्हणणाऱ्या आज्या आपल्या मंडळ्यांतही आहेत. गालावरची तीट पुसली गेली, भय राहिलें, तें सोडावें. तरी आजीचा हट्ट अगदींच फोल नाहीं. न्हाऊं घालतांनाचें उघड्या लेंकराचें चित्र शंभर अनोळखी मोबाईलांत धाडलें, तर तें परत बोलावतां येत नाहीं, आणि ज्याचें तें चित्र, त्याला नको म्हणण्याची वाचा अजून फुटलेली नाहीं.

राहतां राहिले बाप. वडील माणसांदेखत आपलें मूल उचलून घेणें आमच्याकडे बापाला लाजेचें वाटे. कित्येक घरीं अजून वाटतें. त्यामुळें मोबाईल हें बापाला मोठें सोयीचें ठिकाण झालें आहे. तो मुलाजवळ असतो आणि नसतोही. हागार बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली, ती पाहवेना म्हणून; हा त्याच टप्प्यावर उभा राहतो, तो पाहण्यासाठीं. दूतानें हागारेला जें सांगितलें, तें ह्यालाही लागू आहे. ज्या मंडळ्यांत येत्या महिन्यांत लेंकरांचें अर्पण किंवा बाप्तिस्मे व्हावयाचे असतील, तेथील तरुण बापांनीं आपला मोबाईल एखाद्या पुतण्याच्या हातीं द्यावा, आणि पाळकानें बोलाविल्यावर मूल स्वतः उचलून पुढें यावें, सासरे पहिल्या रांगेंत बसले असले तरी. पुतण्यानें काढलेलें चित्र हललें, तर हलूं द्यावें.