बारा खेळाडू, चौदा दिवस

सूरतच्या दिंडोली, लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. मागची पिढी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये राबली. आताच्या पिढीतली काही मुलं गेम बनवतात. माझ्या ओळखीच्या अशाच एका मुलानं नोकरी सांभाळून, रात्री जागून पतंगांचा गेम केला. उत्तरायणाच्या आत तो लोकांच्या फोनवर जावा, एवढीच त्याची इच्छा. पण गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला आधी किमान बारा जण चाचणीसाठी जमवावे लागतात आणि ते सलग चौदा दिवस टिकवावे लागतात. 2023 च्या अखेरीस हा नियम आला तेव्हा तर आकडा वीस होता. मित्र, चुलतभाऊ, सोसायटीतली पोरं, सगळे "हो रे, करतो" म्हणाले. चार-पाच दिवसांनी एकेक जण गळायला लागला. उत्तरायण निघून गेलं.

त्याला कोणी शिवी दिली नव्हती, वाईटसाईट बोललं नव्हतं. तरीही हा अनादरच होता, असं मला ठामपणे वाटतं. एकट्यानं किंवा चार जणांनी मिळून गेम बनवणाऱ्यांच्या बाबतीत आपल्या हातात किती ताकद असते, याची आपल्याला कल्पनाच नसते. मोठ्या कंपनीच्या गेमला लाखो अभिप्राय असतात. त्यात तुमचा एक स्टार कुठल्या कुठे बुडून जातो. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमवर मात्र दहा परीक्षणं जमेपर्यंत गेमबद्दलचं लोकांचं एकूण मत काय, हे दिसतच नाही. त्या दहांत रागाच्या भरात खरडलेली दोन असली, तर पुढचा गिऱ्हाईक पान उलटून जातो.

आणि लिहिलेलं काय असतं? "बकवास. उघडतच नाही." यावरून करणाऱ्याला काहीही दुरुस्त करता येत नाही. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, कितव्या लेव्हलला अडकलं, त्याआधी काय दाबलं, एवढं लिहिलं आणि जमलं तर स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवलं, तर त्याच रात्री दुरुस्ती होऊ शकते. हे लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

याचा अर्थ टीका करू नये असा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी: ॲन एन्शंट एपिक'साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती जमली नाही. सहसंस्थापक श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. 2020 मध्ये गेम आला. राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेले महाल, पहाडी चित्रांची छाया, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, या सगळ्याचं कौतुक झालं. लढाईचा भाग तोकडा पडतो, हेही समीक्षकांनी स्पष्ट लिहिलं. 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली. आपल्या माणसाचा गेम म्हणून न खेळताच पाच स्टार देणारे मला शिव्या देणाऱ्यांइतकेच खटकतात. फ्लॅट विकून केलेल्या कामाला निदान शेवटपर्यंत खेळून दिलेलं मत मिळायला हवं.

पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ग्राहकासाठी नियम चांगला आहे. पण 2021 मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा छोटा भयगेम करणाऱ्या एमिका गेम्सनं जाहीर केलं, की लोक दोन तासांच्या आत गेम संपवतात, आवडला असं लिहितात आणि पैसे परत घेतात. त्यामुळे अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवत आहोत, असंही सांगितलं. पूर्ण जेवून बिल नाकारण्यातलाच हा प्रकार. तासांवर किंमत मोजण्याची सवय छोट्या गेमांना मारते. गोव्यातल्या अरमान संधू यांच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हच्या 'फरगॉटन फील्ड्स'मध्ये एक लेखक लहानपणीच्या घराचा निरोप घ्यायला येतो. असा गेम साठ तासांचा करायला सांगणं म्हणजे तो बनवूच नको म्हणणं.

नकलेबद्दल सूरतकराला वेगळं सांगायला नको. रिंग रोडच्या कापड बाजारात साडीचं नवं डिझाईन चाललं की त्याची स्वस्त नक्कल यायला वेळ लागत नाही आणि मूळ डिझाईनवाला हात चोळत बसतो. 2014 मध्ये 'थ्रीज' या आकड्यांच्या गेमचं तेच झालं. करणाऱ्यांची त्यात वर्षभराहून अधिक मेहनत होती. काही आठवड्यांत नकला आल्या आणि पुढे फुकटचा '2048' जगभर गाजला. मूळचा कुठला, हे विचारायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. जाहिराती काढून टाकलेली मॉड एपीके व्हॉट्सॲपवर फिरवणारे तर गेमकर्त्याच्या कमाईचा उरलासुरला मार्गही बंद करतात.

त्यातच 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आणणारा कायदा झाला. आता "मुलगा गेम बनवतो" म्हटलं की नातेवाइकांना जुगारच आठवतो. कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम वेगळे ठेवले आहेत, तसे घरच्यांनीही ठेवावेत.

शिवीगाळीला तर कसलंच समर्थन नाही. हनोईच्या डाँग न्गुयेन यांनी 'फ्लॅपी बर्ड' ऐन लोकप्रियतेत, फेब्रुवारी 2014 मध्ये मागे घेतला; लोकांचा भडिमार त्यांना सोसवेना. प्ले स्टोअरवर कमाई करणाऱ्या गेमकर्त्याचा पत्ता आता उघड दिसतो. दिंडोलीतल्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आईवडिलांच्या घराचा पत्ता असतो. धमकी लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

या दिवाळीत एखाद्या छोट्या स्टुडिओचा गेम विकत घ्या. किंमत जास्त वाटली तर सवलतीची वाट पाहा, पण चोरीची फाइल उतरवू नका. शेवटपर्यंत खेळा आणि चार ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालतील. आवडला नाही तर तेही लिहा. फक्त का आवडला नाही, ते सांगा.