नुसतं उत्तर सांगा, काका

बुडणाऱ्याला आधी बाहेर काढावं की पोहायला शिकवावं, या प्रश्नावर वाद घालणारी मंडळी सहसा काठावर बसलेली असतात. मीही काठावरच असतो. फरक इतकाच की माझ्या काठाला बुडणारे लोक आपणहून येतात, तेही रात्री साडेनवानंतर, लॅपटॉप काखेत मारून, आणि बेल वाजवतात. आमच्या सोसायटीत मला 'जावावाले काका' म्हणतात.

याचा खुलासा करायला हवा, कारण माझ्या आईला तो अजून झालेला नाही. मी मुलांना जावा शिकवतो हे ऐकल्यावर ती म्हणाली, "जावांना काय शिकवायचंय? त्या सगळं शिकूनच येतात." तिला तीन जावा होत्या, तेव्हा या विषयातला तिचा अधिकार मोठा. पण ही जावा ती नव्हे. ही १९९५ साली अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं बाजारात आणलेली, जेम्स गॉसलिंग आणि मंडळींनी रचलेली संगणकाची भाषा. माहेरचं तिचं नाव ओक, म्हणजे एका झाडाचं. ते नाव आधीच दुसऱ्या कंपनीचं निघालं, म्हणून कॉफीच्या एका जातीवरून जावा ठेवलं. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलनं विकत घेतली, म्हणजे बिचारीचं सासरही बदललं. मी बी.कॉम. झाल्यावर २००१ साली सहा महिने एका क्लासात ती शिकलो. जावा आली की माणूस थेट विमानात बसतो असा तेव्हा समज होता. मी चौकशीला गेलो तोवर विमान सुटलेलं होतं. मग बँकेची परीक्षा दिली आणि खुर्चीत बसलो, तो अजून बसलेलाच आहे.

नवशिक्यांच्या अडचणी या पंचवीस वर्षांत तसूभरही बदललेल्या नाहीत. भाषा सुधारली, लॅपटॉप पातळ झाले, पण महिरपी कंस पूर्वी जिथे विसरायचा तिथेच अजून विसरला जातो. गंमत अशी की कंस विसरतो बाराव्या ओळीत, आणि तक्रार येते अगदी शेवटच्या ओळीवर, की वाचता वाचता फाइल संपली. मुलगा शेवटच्या ओळीकडे तासभर टक लावून बसतो. तिथे काहीच चुकलेलं नसतं. पंगतीत पहिल्यालाच दोन जिलब्या जास्त वाढल्या तरी बोंब शेवटच्या पानावरूनच उठते, तसं हे आहे.

दुसरी तक्रार तुलनेची. दोन बरोबरची चिन्हं घालून दोन शब्दांची तुलना केली की जावा विचारते, हा तोच कागद आहे का? त्यावर लिहिलेलं सारखं आहे का, हे तिला वेगळ्या शब्दांत विचारावं लागतं, त्याचं नाव 'इक्वल्स'. पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर टाकूनही 'चूक' असं उत्तर आलेलं पोर रडकुंडीला येतं. मला मात्र यात काही विचित्र वाटत नाही. चेकवरची सही नमुन्याशी जुळते की नाही, एवढंच आम्ही पाहतो. हा नमुन्याचाच कागद आहे का, असं विचारणारा क्लार्क दिवसभरात एकही चेक पास करणार नाही.

मग तो आकडा आणि नावाचा घोटाळा. आधी वय विचारायचं, मग नाव. वय घेतलं जातं आणि नाव विचारायच्या आत प्रोग्राम पुढे निघून जातो. कारण वयाचा आकडा उचलला, पण त्यामागे दाबलेलं एंटर तिथंच पडून राहिलं, आणि नाव वाचायला आलेल्यानं तेच नाव समजून घेतलं. आमच्या काउंटरवर आधीचं गिऱ्हाईक कोरी स्लिप विसरून जातं आणि नवा क्लार्क तीच पुढच्याची म्हणून उचलतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि 'नल'. जिथं काहीच नाही तिथं काहीतरी मागायला गेलं की नल पॉइंटर एक्सेप्शन. खातंच उघडलेलं नाही त्याचं पासबुक भरून मागण्यासारखं. ही 'काहीच नाही' दाखवायची सोय १९६५ साली टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं काढली, आणि २००९ साली त्यानंच एका भाषणात ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, मोठा माणूस! आमच्याकडे चुकीच्या परिपत्रकाची दुरुस्ती येते ती 'स्पष्टीकरण' या नावानं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या तळमजल्यावर एक बाई ब्लाउज शिवतात. त्यांची मुलगी डिप्लोमाला होती आणि जावाचा विषय तिचा एकदा राहिला होता. पुन्हा राहिला तर वर्ष जाणार होतं, आणि त्या घरात वर्ष जाणं म्हणजे नुसतं कॅलेंडर बदलणं नव्हे. ती रात्री दहाला आली. सरळव्याजाचा प्रोग्राम होता. मुद्दल दहा हजार, दर सात, मुदत तीन वर्षं. व्याज येत होतं शून्य.

"काका, समजावू नका," ती म्हणाली. "नुसतं उत्तर सांगा. उद्या आठला प्रॅक्टिकल आहे."

आता दुखणं मला दिसत होतं. तिनं सात भागिले शंभर असं लिहिलं होतं. जावाला दोन पूर्णांक दिले की ती भागाकारही पूर्णांकातच देते, अपूर्णांक सरळ टाकून. सात भागिले शंभर म्हणजे शून्य पूर्णांक आणि खाली काही चिल्लर. चिल्लर गेली, शून्य राहिलं, आणि शून्यानं दहा हजारांना गुणलं काय नि दहा कोटींना गुणलं काय! शंभराच्या पुढे टिंब देऊन एक शून्य लिहिलं की काम फत्ते. सांगायला पाच सेकंद, समजवायला पाऊण तास.

मदत करणाऱ्यांचे मी दोन पंथ पाहिले आहेत. पहिला म्हणतो, "स्वतः शोध, त्यातच शिक्षण आहे." यातल्या निम्म्यांना उत्तर येत नसतं आणि उरलेल्यांना ते पूर्वी कुणी सांगितलं हे आठवत नसतं. दुसरा पंथ मुलाला खुर्चीवरून उठवतो, स्वतः बसतो, कीबोर्डवर तबलजीसारखे हात चालवतो आणि "झालं!" म्हणून उठतो. काय झालं ते त्या मुलाला कळत नाही, आणि याला त्याचं काही वाटत नाही. आनंद सगळा यानंच घेतलेला असतो. मला दोघेही आवडत नाहीत, पण रात्री दहाला दार वाजलं तर दुसरा परवडला. तो निदान दार तरी उघडतो.

आमच्या बँकेत एक आजी पेन्शन काढायला येतात. स्लिप मी भरतो, त्या अंगठा देतात. "आजी, स्वतः शिका" असं म्हणणाऱ्या क्लार्कला लोक काउंटरबाहेर ओढतील, आणि ते योग्यच होईल. पण याच आजी एकदा पाच हजारांऐवजी पन्नास हजारांच्या स्लिपवर अंगठा उठवून आल्या होत्या. स्लिप भरली होती पुतण्यानं. खात्यात तेवढे नव्हते म्हणून त्या वाचल्या. त्या दिवशी मी त्यांना लिहाय-वाचायला शिकवलं नाही, फक्त शून्यं मोजायला शिकवली. पाच हजाराला तीन. आता त्या दर महिन्याला बोट ठेवून मोजतात. मी भरलेल्या स्लिपवरसुद्धा मोजतात, तेही माझ्यादेखत, मोठ्यानं! पहिल्यांदा मला थोडं लागलं. अठरा वर्षांची नोकरी, आणि ही बाई माझी शून्यं मोजते? मग वाटलं, पुतण्यानं भरलेली मोजायची आणि माझी नाही, असा नियम मी कुठल्या तोंडानं करणार?

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून खतावण्या होत्या आणि एक हेडक्लार्क होते. नव्या पोरांपैकी कुणाची तेरीज जुळली नाही की ते चूक दाखवत नसत. विचारत, "फरकाला नवानं भाग जातो का?" जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, त्रेसष्टचे छत्तीस झालेत. सत्तावीसचा फरक, नऊ त्रिक सत्तावीस. पोरगं मग खतावणीत त्रेसष्ट-छत्तीस हुडकत बसे आणि सापडलं की ओरडे. पण एकतीस मार्चच्या रात्री, अकरा वाजता, लोकल चुकायची वेळ आली की हेच गृहस्थ चष्मा वर करून बोट ठेवत आणि म्हणत, "इथे. खोड. जा घरी." त्या रात्री नवाचा पाढा नसे. तो दोन एप्रिलला असे.

तेव्हा मी त्या मुलीला सांगितलं, "शंभराच्या पुढे टिंब शून्य." तिनं लिहिलं, चालवलं, एकवीसशे आले. लॅपटॉप मिटू लागली तसं मी म्हटलं, "थांब. हे बरोबर कशावरून? मी सांगितलं म्हणून?" तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोटांवर केलं. शंभराला सात, दहा हजारांना सातशे, तीन वर्षांचे एकवीसशे. अर्धा मिनिट लागला. का चुकलं होतं ते तिला अजून कळलेलं नव्हतं. रविवारी ये, सांगतो, असं म्हटलं.

रविवारी ती आली नाही. पास झाली. हल्ली एका दवाखान्यात बिलं करते आणि जावाशी तिचा काही संबंध उरलेला नाही. तिच्या आईनं अस्तराच्या कापडाची एक पिशवी शिवून पाठवली. चांगली मजबूत आहे, पाच किलो कांदे सहज मावतात. उलट, चौथ्या मजल्यावरच्या ज्या मुलाला मी एका कंसासाठी दोन तास बसवलं, तो आता हिंजवडीला असतो आणि लिफ्टमध्ये भेटला की मोबाइलमध्ये बघतो. यांपैकी कुणाला खरी मदत झाली, हे मला ठरवता येत नाही. कुणाला नुसतं उत्तर पुरेल आणि कुणाला पुढे त्याच्यावर पोट भरायचंय, हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

आताशा उत्तर सांगायला मी लागतच नाही. मोबाइलमधल्या यंत्राला विचारलं की अख्खा प्रोग्राम मिनिटात लिहून मिळतो, आणि बहुधा चालतोही. त्यानंतर ही मुलं माझ्याकडे येतात. प्रोग्राम चालतो; परीक्षकानं तोंडी परीक्षेत "ही ओळ कशाला?" विचारलं की मुलगा चालत नाही. परवा एकानं खात्यातली शिल्लक दाखवणारा असाच तयार प्रोग्राम आणला. पैसे त्यात 'डबल' या प्रकारात ठेवले होते. मी म्हटलं, यात दहा पैशांत वीस पैसे मिळव, रुपयांत लिहून. उत्तर आलं शून्य पूर्णांक तीन, तीनानंतर पंधरा शून्यं, आणि मग चार. तो म्हणाला, "एवढ्याशानं काय होतंय?" मी त्याला सांगितलं की बेटा, आमच्याकडे एका रुपयाच्या फरकासाठी माणसं नऊपर्यंत बसलेली आहेत, पैशासाठी 'बिगडेसिमल' नावाचा निराळा प्रकार आहे, तो वापर. त्यानं ऐकलं. पण मला काळजी लागली ती पंधरा शून्यांची नव्हे. त्यानं ती मोजून पाहिलीच नव्हती. वर अंगठा मात्र उठवला होता.

म्हणून माझ्या घरात एवढाच दंडक आहे. वेळ किती आहे ते आधी विचारायचं, आणि पडद्यावरची लाल ओळ मोठ्यानं वाचायला लावायची. वाचताना निम्म्यांची जीभ मध्येच अडखळते आणि "अरेच्चा!" म्हणून ती उठून जातात. पाचांची यादी केली आणि पाचव्या नंबरला हाक मारली, असं त्या ओळीत सरळ लिहिलेलं असतं. मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचा चौथा. २०२० पासून तर त्या नलच्या तक्रारीतही नेमकं कोण रिकामं आहे ते नावानिशी लिहून येतं. पण लाल रंग दिसला की माणूस वाचत नाही, घाबरतो. नोटिशीचंही तसंच असतं.

गेल्या महिन्यात शाखेत ऑडिट होतं, घरी यायला रोज उशीर व्हायचा. मुलं येऊन बसत. आई त्यांना चिवडा देई आणि वेळ जावा म्हणून विचारी, "काय झालंय तुझं?" मग ते पोरगं तिला पहिल्या ओळीपासून सांगू लागे. तिला त्यातलं अक्षर कळत नसे. ती लसूण सोलत म्हणे, "बरं, मग?" पुढची ओळ. "मग?" त्याच्या पुढची. एका रात्री मी आलो तर चपला काढतानाच तिनं सांगितलं, दोघांचं झालं, ते गेले. तिसरा आत बसलाय, त्याचं काही सुटत नाहीये.

"का?" मी विचारलं.

"तो म्हणतो, समजावायला लावू नका आजी," ती म्हणाली. "त्याला मी नुसते लाडू दिलेत."