खुर्ची कुणाची?

दिवाळीत जुने विद्यार्थी घरी आले म्हणजे मला फराळापेक्षा त्यांच्या बोलण्याचीच गोडी अधिक वाटते. गेल्या दिवाळीत असाच एक आला. बरोबर त्याची आई होती. घरची शेती बदनापूरकडे, मोसंबीची बाग. मुलगा मोठ्या शहरातल्या एका व्यवस्थापनाच्या संस्थेत शिकतो.

चकलीचा तुकडा मोडत त्याने सांगितले, की हल्ली त्यांच्याकडे दोन शब्दांचा फार बोलबाला आहे. एक शाश्वतता आणि दुसरा विविधता. धंदा असा करावा की पुढच्या पिढीच्या ताटातले आपण आजच खाऊन टाकू नये. आणि धंद्याची सूत्रे ज्यांच्या हाती, त्यांत बायका असाव्यात, खेड्यातली माणसे असावीत, नाना जातिधर्मांचे लोक असावेत. त्याच्या गटाने मोसंबीच्या रसाच्या कारखान्याची योजना मांडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या जालन्याचे नाव तिथल्या फळ्यावर लिहिले गेले, हे सांगताना पोराचा चेहरा उजळला होता.

आई इतका वेळ मुकाट्याने ऐकत होती. तिने विचारले, "आन् पाणी?"

"धरलंय की, आई. खर्चात धरलंय, लिटरमागं."

ती माझ्याकडे पाहून नुसती हसली. मला त्या हसण्याचा अर्थ कळला. कारण २०१२-१३ च्या दुष्काळात मी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो.

तो दुष्काळ आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. "जालना सोने का पालना" म्हणून मिरवणारे शहर टँकरची वाट पाहत बसले होते, आणि गावोगाव मोसंबीच्या वाळल्या झाडांवर कुऱ्हाड चालत होती. या माउलीच्या विहिरीत सगळ्या बागेला पुरेल इतके पाणी नव्हते. निम्मी बाग मरू द्यायची, एवढे ठरलेलेच होते. प्रश्न कोणती निम्मी, हा होता. नवरा म्हणत होता, भरात आलेली झाडे जगवू, ती उद्या पैसा देतील. ही म्हणत होती, त्यांची तहान मोठी नि आयुष्य थोडे. पोरवयाची झाडे जगवू. शेवटी हिचेच झाले. डोक्यावरून हंडे आणून तिने लहान झाडे जगवली आणि फळांनी लगडणाऱ्या ओळी डोळ्यांदेखत वाळू दिल्या. शेजाऱ्याने उलट केले आणि पुढच्या हंगामात त्याच्या हाती चांगले पैसे आले. नवरा तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. कोण बरोबर होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण व्यवस्थापन म्हणजे आणखी काय असते?

मी मुलाला विचारले, "ही गोष्ट वर्गात सांगितलीस का?"

तो गोंधळला. "ती तर घरची गोष्ट, सर."

माझे मन तिथेच अडले. संस्थेच्या हिशेबी हा मुलगा म्हणजेच विविधता. खेड्यातला, कोरडवाहू मुलखातला, घरात पहिला शिकलेला. पण वर्गात खेड्यातला मुलगा असणे निराळे आणि वर्गात खेडे असणे निराळे. त्याला आत घेताना त्याची आई दाराबाहेर राहिली होती, आणि तिला बाहेर ठेवण्याचे काम त्याने स्वतःच, कुणी न सांगता केले होते.

अहमदाबादची आयआयएम १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्याने निघाली, आणि तिथे रुजलेली 'केस' पद्धत पुढे देशभर पसरली. एक हकीकत देतात आणि विचारतात: तुम्ही या व्यवस्थापकाच्या खुर्चीत आहात, काय कराल? पद्धत उत्तम आहे. पण मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे तिच्यातली खोच मला दिसते. गोष्ट ज्याच्या डोळ्यांनी सांगावी, त्याचेच दुःख वाचकाला खरे वाटते. बाकीची पात्रे चहाचा कप ठेवून निघून जातात. माझ्याच पहिल्या कादंबरीत एक मोलकरीण पानोपान भांडी घासते आणि तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. एका वाचक बाईंनी पत्राने विचारले, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले. खुर्चीतला व्यवस्थापक चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जातो. विहीर जात नाही, विहिरीवरची बाईही जात नाही. मग पुढच्या वीस वर्षांचा विचार खुर्चीतल्याला सुचावा तरी कसा?

खुर्ची बदलली की काय होते, याचे उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. तोही आमच्यासारखाच दुष्काळी मुलूख. म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला थोडे पैसे साठवायचे होते. कशासाठी? तर पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यावा म्हणून. रक्कम फारच लहान, म्हणून बँका तिचे खाते उघडीनात. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. संस्थापक बायका निरक्षर होत्या. त्या अक्षरे गिरवायला बसल्या, आणि काही महिन्यांनी थेट अधिकाऱ्यांपुढे जाऊन म्हणाल्या, की आम्हांला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. वाटेल त्या मुद्दलावरचे व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. २००६ साली त्यांनी ग्रामीण बायकांसाठी व्यवसायशाळा काढली. जिला शाळेपर्यंत येता येत नाही, तिच्या गावी शाळाच बसमधून जाते.

त्या लोहारणीचा प्लास्टिकचा कागद माझ्या डोक्यातून जात नाही. पाऊस यायच्या आत पावसाचा विचार करणे, हे शाश्वततेचे पुस्तक ज्यांनी लिहिले त्यांना तिच्याकडून शिकता आले असते. आणि बँकेच्या खिडकीशी मात्र तिची रक्कम लहान ठरली.

कुणी म्हणेल, मास्तर, हे भाबडेपण झाले. गरीब म्हणून माणूस शहाणा ठरत नाही. कबूल. आमच्याच जिल्ह्यात पाणी खोल गेले, त्याला हजार फुटांची बोअर पाडणारे आम्ही शेतकरीही कारण आहोत. शेततळ्यात विहिरीचे पाणी उपसून साठवणारा शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडतो, आणि तोही खेड्यातलाच. पण याच जिल्ह्यातले कडवंची पाहा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ घेऊन तिथे पाणलोटाचे काम झाले. द्राक्षे नंतर आली. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणे. अशा कामात बांध घालायचा माथ्यावरच्याने आणि पाणी वाढायचे पायथ्याच्या विहिरीत. माथ्यावरच्याला चर्चेत बसवल्यावाचून, त्याचे ऐकून घेतल्यावाचून ते काम होतच नाही. तिथे विविधता हा सौजन्याचा प्रश्न राहत नाही. तो माणूस उठून गेला तर बांधच पडत नाही.

असो. बोलता बोलता मी नेहमीप्रमाणे वर्ग घेऊ लागलो होतो. पोराने मान खाली घातली होती. मग त्याने आईला विचारले, "तू ती झाडं निवडली कशी गं?"

"निवडायचं काय त्यात," ती म्हणाली. "पाला चुरगाळून बघायचा. मुळाशी ओल किती ते बघायचं. आन् खालच्या वस्तीवरच्या म्हातारीची दोन जनावरं आपल्याच विहिरीवर येत होती, त्यांचं पाणी पयलं बाजूला काढायचं. मग राहील त्यात झाडं मोजायची."

"जनावरांचं मला ठाऊकच नव्हतं."

"तुझ्या बापालाही नव्हतं," ती म्हणाली, आणि लाडू उचलून त्याच्या बशीत ठेवला.