क्षमा हवी, की निर्दोषत्व?

माणूस जातो, पण त्याचे काम मागे उरते आणि ते कुणीतरी पुढे न्यावे लागते. घर असो, शाळा असो वा धर्मग्राम असो, वारसाचा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. पूर्वीचा माणूस वार्धक्याने वा मृत्यूने दूर झाला, तर आपण डोळे पुसतो आणि नव्याचे स्वागत करतो. परंतु पूर्वीचा माणूस नैतिकदृष्ट्या कोसळला तर? ज्याला आपण आदर्श मानले त्याच्याच हातून घोर अपराध घडला आणि त्याच्या रिकाम्या जागी कुणी अनोळखी तरुण येऊन उभा राहिला, तर आपण त्या दोघांशी कसे वागावे? या प्रश्नावर अमेरिकेतील एका चित्रकथेच्या वाचकांनी दहा वर्षे पोटतिडकीने वाद घातला. मुलांच्या वाचनातला विषय म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये, अशी आमची विनंती आहे.

वारसाची चित्रकथा आपल्याला नवी नाही. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला वेताळ 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठी घरांतही पोहोचला होता. तो त्या घराण्यातील एकविसावा. बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलातील लोक समजतात, की हा अमर आहे. तेथे वारसाविषयी वाद होण्याचा संभवच नाही, कारण वारस बदलला हेच कुणाला कळत नाही. 'ग्रीन लँटर्न' या कथामालेत मात्र वारस उघडपणे बदलला, आणि तोही पूर्वीच्या नायकाच्या अधःपातानंतर.

'ग्रीन लँटर्न' हे खरे तर एका पदाचे नाव आहे. या नावाचा पहिला नायक १९४० साली अवतरला. परंतु पुढे ज्याने वाचकांच्या मनात घर केले तो हॅल जॉर्डन. लेखक जॉन ब्रूम आणि चित्रकार गिल केन यांनी त्याला १९५९ साली जन्म दिला. नवी विमाने प्रथम उडवून पाहणारा हा धाडसी वैमानिक. मरणोन्मुख अशा एका परग्रहवासी रक्षकाने आपली अंगठी त्याच्या हवाली केली, कारण ती अंगठी निर्भय आणि प्रामाणिक माणसाचा शोध घेत होती. ती बोटात घालणाऱ्याची इच्छाशक्ती जितकी प्रबळ, तितके तिचे सामर्थ्य मोठे. विश्वाच्या कानाकोपऱ्यांत असे हजारो रक्षक नेमलेले आणि त्या सर्वांवर ओआ नावाच्या ग्रहावरील वृद्ध पालकांची देखरेख, अशी ही रचना होती.

१९९३ साली कथेत हॅलचे शहर, कोस्ट सिटी, शत्रूने बेचिराख केले. सत्तर लाख माणसे गेली. हॅल तेव्हा दूर होता. परतल्यावर त्याने अंगठीच्या बळावर ते शहर आणि त्यातील माणसे पुन्हा उभी केली, परंतु तो केवळ आभास होता आणि अंगठीची शक्ती सरताच विरून गेला. शक्तीचा वापर स्वतःसाठी केलास, असा ठपका पालकांनी ठेवला, तेव्हा तो शोकाने आणि संतापाने ओआकडे निघाला. वाटेत आडव्या आलेल्या सहकाऱ्यांच्या अंगठ्या त्याने हिसकावल्या, जिवलग सहकारी किलोवॉगचा बळी घेतला आणि साऱ्या शक्तीचा मूळ स्रोत स्वतःत सामावून घेतला. हे सारे १९९४ सालच्या अवघ्या तीन अंकांत घडले. मागे उरली एकच अंगठी. ती गान्थेट या शेवटच्या पालकाने लॉस एंजेलिसमधील काइल रेनर नावाच्या तरुण चित्रकाराच्या हातात ठेवली. कसली परीक्षा नाही, कसली निवड नाही. जो समोर आला तो वारस झाला.

येथून वादाला तोंड फुटले. पस्तीस वर्षे ज्याला निर्भय आणि सत्शील म्हणून दाखवले त्याला तीन अंकांत खुनी ठरवणे हा अन्याय आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. या पक्षातील काहींनी 'हीट' नावाची संघटना स्थापून हॅलच्या पुनरागमनाची मागणी लावून धरली. दुसऱ्या पक्षाला काइल आपलासा वाटला. तो चुकत होता, घाबरत होता, शिकत होता, आणि त्या पिढीच्या कित्येक वाचकांसाठी पहिला ग्रीन लँटर्न तोच होता. रोष सर्वाधिक ओढवला तो लेखक रॉन मार्झ यांच्यावर. वस्तुतः प्रकाशकांनी आधी ठरलेले कथानक रद्द करून नवा नायक आणण्याचा निर्णय घेतला होता, आणि तो तडीस नेण्यासाठी मार्झ यांना ऐन वेळी बोलावण्यात आले होते. निर्णय कुणाचा आणि शिव्या कुणाला, हा अनुभव सार्वजनिक कामात पडलेल्या आपल्या वाचकांनाही नवा नसेल.

हॅलच्या चाहत्यांचे गाऱ्हाणे पोकळ नव्हते, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. चांगला माणूस बिघडतो तो बहुधा हळूहळू, लहान लहान तडजोडींनी. तीन अंकांत ती उतरण दिसत नाही. कडा तेवढा दिसतो. परंतु या आक्षेपाच्या पोटात दुसरा एक आक्षेप दडलेला होता आणि त्याचा विचार निराळा केला पाहिजे. 'हा पतन पावला ते नीट दाखवले नाही' असे म्हणणे वेगळे आणि 'हा पतन पावूच शकत नाही' असे म्हणणे वेगळे. पहिले म्हणणे कथेविषयी आहे. दुसरे माणसाविषयी आहे.

पुढील दहा वर्षांत लेखकांनी या प्रश्नाला दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर प्रायश्चित्ताचे. १९९६ साली सूर्य विझू लागला, तेव्हा हॅलने स्वतःचे प्राण वेचून तो पुन्हा प्रज्वलित केला. त्या प्रसंगी त्याच्या मनात चाललेल्या उलाघालीची स्वतंत्र कथा लिहिली ती मार्झ यांनीच; ज्याने त्याला पाडले, त्यानेच त्याला सन्मानाने निरोप दिला. १९९९ साली हॅलचा आत्मा 'स्पेक्टर' झाला. स्पेक्टर म्हणजे या कथाविश्वातील ईश्वरी कोपाचे मूर्त रूप. २००१ पासून जे. एम. डीमॅटिस यांनी लिहिलेल्या मालेत हॅलने त्या कोपाला सूडाकडून उद्धाराकडे वळवण्याचा यत्न केला. ज्याने स्वतः अपराध केला आहे, त्यालाच अपराध्यांच्या उद्धाराची तळमळ लागावी, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरे उत्तर २००४ साली आले. जेफ जॉन्स आणि चित्रकार इथन व्हॅन स्कायव्हर यांनी हॅलला पुन्हा जिवंत केले आणि एक गुपित उघड केले. शक्तीच्या मूळ स्रोतात पॅरॅलॅक्स नावाचा एक प्राचीन जीव कोंडलेला होता. तो म्हणजे साक्षात भीती. त्याने हॅलच्या मनात शिरकाव केला आणि पुढील दुष्कृत्ये त्याच्याकडून करवून घेतली. पतनानंतर 'पॅरॅलॅक्स' हे नाव हॅलने स्वतः धारण केले होते. आता ते नाव दुसऱ्याचेच होते, असे ठरले. कथा मोठ्या कौशल्याने रचलेली आहे आणि ती वाचून हजारो वाचकांना हायसे वाटले. आमचा हॅल असा नव्हताच, हे अखेर छापून आले.

आमची शंका याच ठिकाणी आहे. या दुसऱ्या उत्तराने हॅलला काय मिळाले आणि त्याचे काय गेले?

त्याला निर्दोषत्व मिळाले, परंतु क्षमा मिळण्याची वाटच बंद झाली. क्षमा अपराध्यालाच करता येते. ज्याने काही केलेच नाही, त्याला क्षमा कशाची करावी? मग सूर्यासाठी वेचलेले प्राणही पूर्वीसारखे राहत नाहीत. ज्या कर्जाची फेड म्हणून त्या बलिदानाला अर्थ होता, ते कर्ज त्याच्या नावावर नव्हतेच, असे सांगितले की फेडणाऱ्याचे मोठेपणही कमी होते. चाहत्यांनी प्रेमाने त्याचे पाप पुसायला घेतले आणि पापाबरोबर पश्चात्तापही पुसला गेला.

याच कथामालेत याच्या उलट उदाहरणही आहे. १९७१ साली आलेला जॉन स्ट्युअर्ट हाही ग्रीन लँटर्नच. १९८८ सालच्या एका कथेत त्याच्या फाजील आत्मविश्वासामुळे झान्शी हा संपूर्ण ग्रह नष्ट झाला. त्याच्यासाठी कुणी बाहेरचा जीव शोधून काढला नाही. आपल्या चुकीने एक जग गेले, हे ओझे घेऊन तो जगला आणि काम करत राहिला. त्यामुळे वाचकांच्या मनातून तो उतरला नाही. २००१ साली दूरदर्शनसंचावरील मालिकेत ग्रीन लँटर्न म्हणून त्यालाच निवडण्यात आले.

येथे कुणी म्हणेल, की शोकाने वेडावलेल्या माणसाला पूर्ण दोषी कसे धरावे? प्रश्न रास्त आहे. गंभीर पापासाठी पूर्ण जाण आणि पूर्ण संमती लागते, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. शोक, भय, आजार यांनी जबाबदारी घटू शकते आणि काही प्रसंगी ती उरतही नाही. ज्याचे सारे शहर जळाले त्याला दया दाखवलीच पाहिजे. परंतु मूळ कथेत तो शोक होताच. हॅलला समजून घ्यायला तो पुरेसा होता. समजून घेणे म्हणजे 'हे त्याने का केले' ते जाणणे. पॅरॅलॅक्सने 'त्याने केले' हे वाक्यच खोडून टाकले.

चित्रकथेतील पात्राच्या बाबतीत अशी खोडाखोड एका अर्थी क्षम्यही आहे. त्याला स्वतःची इच्छा नसते. त्याच्या मनात शिरून त्याच्याकडून बरेवाईट करवून घेणारा लेखक खरोखरच बाहेर बसलेला असतो. आपल्याला मात्र तशी सोय नाही. तरीही आपण ती शोधतो. घरातला कर्ता मुलगा सोसायटीचे पैसे खाऊन बसला, की आई म्हणते, 'माझा मुलगा तसा नाही, संगतीने बिघडला.' एखाद्या आदरणीय व्यक्तीच्या हातून दुबळ्यावर अत्याचार घडला, की त्यांच्यावर प्रेम करणारे आपण म्हणतो, 'ते असे करूच शकत नाहीत, कुणाचा तरी डाव असेल.' यात प्रेम आहे, पण ज्याचे नुकसान झाले तो या वाक्यात कुठेच नाही. कोस्ट सिटीच्या मृतांसाठी हॅल रडला. पण हॅलने ज्यांना मारले त्यांच्यासाठी, हॅल निर्दोष ठरल्याच्या आनंदात, कोण रडले?

संत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी नोंदवली. ज्याच्या वारसांची परंपरा ख्रिस्तसभा आजवर जपत आली, त्याचेच पतन तिने झाकले नाही. प्रभूनेही पेत्राला 'तो तू नव्हतास' असे म्हटले नाही. तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि कळप त्याच्या हाती सोपवला. प्रायश्चित्त संस्कारात आपण 'मी केले' असे म्हणतो, तेही यासाठीच. तो 'मी' आपण सोडला, तर क्षमा घेऊन उभे राहायला कुणी उरतच नाही.

आता वारसाविषयी. काइलचा अपराध एवढाच, की तो हॅल नव्हता. पूर्वीच्या माणसाचे पतन आपल्याला सोसवत नाही, तेव्हा आपण त्याचा राग नव्यावर काढतो. नवे मुख्याध्यापक, नवे धर्मगुरू, घरात आलेली नवी सून यांना हा ताप पुष्कळदा भोगावा लागतो. त्यांनी केलेल्या चांगल्या कामातही आपण न्यून शोधतो, कारण ते मान्य केले तर गेलेल्याची जागा खरोखरच रिकामी झाली, हे मान्य करावे लागते. काइलने काय केले? २००२ सालच्या कथेत, हाती अमर्याद सामर्थ्य आले असता, त्याने ते स्वतःपाशी न ठेवता त्यातून तो मूळ स्रोत पुन्हा पेटवला आणि नष्ट झालेल्या पालकांना नवा जन्म दिला. पूर्वीच्याने जे मोडले होते ते कुणाला नावे न ठेवता पुन्हा उभारणे, याहून अधिक वारसाकडून काय मागावे?

चाहत्यांचा वाद कुणी जिंकला, हे सांगण्याची आम्हांला गरज वाटत नाही. पुढील अंकांतून दोघेही आपापली अंगठी घालून वावरत राहिले. आम्हांला वाटते ते इतकेच. ज्याच्यावर आपले प्रेम आहे तो पडला, तर त्याला निर्दोष ठरवण्याची घाई आपण करू नये. त्याच्या अपराधाचे नाव घ्यावे, ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे आधी जावे, आणि मग पडलेल्याचा हात धरावा. त्याच्या जागी जो नवा आला आहे, त्याला त्याचे काम करू द्यावे.