नेसरीचा प्रश्न : स्वारांचा धर्म

शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा व शस्त्र सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. दोघेही सरनोबताच्या म्हणजे सेनापतीच्या हुकमाखाली असत.

हुकमाशी असलेल्या या बांधिलकीची कसोटी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरीच्या खिंडीत लागली. हा भाग तेव्हा आदिलशाहीच्या सीमेलगतचा होता. 1673 मध्ये उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजर यांनी सोडून दिले. खान पुन्हा चालून आला आणि शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना कडक शब्दांत जाब विचारला. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव केवळ सहा स्वारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले, असे परंपरा सांगते.

येथे दोन कर्तव्ये एकमेकांसमोर येतात. रणातून माघार न घेणे हा गीतेने सांगितलेला क्षात्रधर्म. पण तीच गीता फलासक्ती सोडून कर्म करायला सांगते. बोल पुसण्यासाठी पत्करलेले मरण या कसोटीला सहज उतरत नाही. शिवाय सेनापतीचा जीव त्याच्या एकट्याचा नसतो, त्यावर फौजेची सुरक्षितता अवलंबून असते.

सहा स्वारांची बाजू वेगळी आहे. हुकूम नसताना ते मागोमाग गेले असतील, तर त्यांचे कर्म निष्ठेचे ठरते. नेत्याच्या निर्णयातील दोष अनुयायांच्या निष्ठेला लागत नाही. मात्र त्यांच्या निष्ठेमुळे तो निर्णयही योग्य ठरत नाही.