दुसऱ्याची नजर

बोटाला टाचणी टोचली की कळ उठते आणि ती मेंदूला समजते. पण खुद्द मेंदूला टोचणी कळत नाही. रक्तावाचून त्याच्या पेशी मरू लागल्या, तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही. पक्षाघात घातक ठरतो तो या मुकेपणामुळेही.

हा आघात दैवी कोप नसून रक्तवाहिन्यांचा आजार आहे, हे उमगायला फार काळ जावा लागला. 1658 साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचे वैद्य योहान वेप्फर यांनी अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात मेंदूत साचलेलं रक्त दाखवलं. 1664 मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याचं वर्णन केलं. विलिस यांना एका मृतदेहात मानेतली एक मुख्य धमनी पार बंद झालेली आढळली. तरी त्या माणसाला हयातीत पक्षाघात झाला नव्हता. दुसऱ्या वाटांनी आलेलं रक्त उपाशी राहू पाहणाऱ्या बाजूला मिळत होतं. एका बाजूची उणीव दुसरीने भरून काढायची, अशी सोय शरीराने मुळातच करून ठेवली आहे. अनेकांत हे कडं अपुरं असतं, आणि धमनी एकाएकी तुंबली तर तेही पुरं पडत नाही.

तरीही शेजारधर्म संपत नाही. गुठळीने वाट अडली की मधला भाग लगेच मरतो. त्याभोवतीचा भाग शेजारच्या बारीक वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास तग धरतो. त्याचं काम थांबलेलं असतं, प्राण गेलेला नसतो. उपचारांची सारी धडपड या भागासाठी असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी तुंबली असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते. पण आधी सीटी स्कॅन हवाच. कारण वाहिनी तुंबली की फुटली, हे वरून ओळखता येत नाही. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिन देणं धोक्याचं.

हे तास वाया जातात ते बहुधा घरातच. पोळ्या लाटताना सासूबाईंच्या डाव्या हातातून लाटणं निसटतं. ओठाचा कोपरा उतरलेला असतो. सुनेने विचारलं तर म्हणतात, “काही नाही गं, हात जरा जड झालाय. पडते थोडा वेळ.” तेल चोळलं जातं, चहा पाजला जातो, गिळण्यावरचा ताबा गेला असेल तर तो चहा श्वासनलिकेत उतरू शकतो.

सासूबाई खोटं बोलत नसतात. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कित्येकांना आपला डावा हात लुळा पडल्याचं कळतच नाही. 1914 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी या अवस्थेला नाव दिलं. ज्याने जाणायचं, तोच अवयव जायबंदी झालेला. मग रोग्याने साक्ष द्यायची कशाच्या बळावर?

ती साक्ष भोवतालच्यांनी द्यायची असते. हसायला सांगावं, दोन्ही हात उचलायला लावावेत, एखादं वाक्य बोलून घ्यावं. काहीही वावगं दिसलं, ते थोड्या वेळात निवळलं तरीही, 108 ला फोन करावा. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवावी. वडीलधाऱ्यांचा शब्द आपण मोडत नाही. या एका प्रसंगी तो मोडावा. कारण “मला काही झालेलं नाही” हे म्हणणंच आजाराचं लक्षण असू शकतं.